हिरव्या पानाची साक्ष

शास्त्रपाठ : उत्पत्ति १:३-१९, मार्क ४:२६-२९, मत्तय ५:४५



ह्या वेळी आम्ही एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत. प्रश्न आमचा नाही, शब्बाथशाळेतल्या एका मुलाचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याने तो आम्हांस विचारला, आणि आम्ही त्याला जे उत्तर दिले त्याची आम्हांला अजून लाज वाटते.

पावसाळ्याचे दिवस होते. इंदुरास आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत मोठ्या मुलांचा वर्ग आमच्याकडे होता. त्या रविवारी उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवायचा होता. फळ्यावर खडूने सहा चौकोन आखून एकेका दिवसाचे काम आम्ही चित्राने दाखवले होते. पहिल्यात उजेड, तिसऱ्यात झाड, चवथ्यात सूर्य. चित्रे चांगली उतरली म्हणून आम्ही मनातून खूष होतो. इतक्यात सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, झाडं तिसऱ्या दिवशी झाली आणि सूर्य चवथ्या दिवशी. मग तिसऱ्या दिवशी झाडांनी अन्न कसं तयार केलं? आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे की उन्हाशिवाय झाडाला अन्न करता येत नाही."

वर्गात खसखस पिकली. उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते नाही असे सांगण्याचे धैर्यही नव्हते. आम्ही म्हणालो, "देवाच्या वचनाला असे प्रश्न विचारायचे नसतात. खाली बैस." मुलगा बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या आईला विचारले तर तिने अभ्यासाचे कारण सांगितले आणि आम्ही ते मानून घेतले, कारण ते मानून घेणे सोयीचे होते.

ह्या शहरात कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज उघडले. मुलांनी शिकावे, विचारावे, शोधावे म्हणून आमच्या वडिलांच्या पिढ्यांनी खस्ता खाल्ल्या. त्यांच्याच परंपरेत वाढलेल्या आम्ही एका मुलाला, प्रश्न विचारू नकोस, असे सांगितले.

मध्ये वर्षे गेली. त्या मुलाची आई प्रभूकडे गेली तेव्हा अंत्यविधीच्या उपासनेत तो शेवटच्या बाकावर बसलेला आम्ही पाहिला. केस पिकू लागले होते. एका शाळेत तो जीवशास्त्र शिकवतो असे कळले. कबरस्तानातून परतताना आम्ही त्याला गाठले आणि त्या रविवारची गोष्ट काढून क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, उत्तर मिळालं नाही ह्याचं मला काही वाटलं नाही. खाली बैस म्हणालात, त्याचं वाटलं." आणि पुढे म्हणाला, "घरी या एकदा. झाड अन्न कसं करतं ते दाखवतो."

आम्ही गेलो. त्याच्या गच्चीत कुंड्या होत्या. तुळशीचे एक पान तोडून त्याने आमच्या हातावर ठेवले आणि जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत येथे मांडतो, कारण ते ऐकताना आम्हांला स्तोत्रकर्त्यासारखे नमन करावेसे वाटले.

आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते की झाड मुळांनी माती खाते आणि मोठे होते. फार जुन्या काळापासून शहाणी माणसेही असेच मानत होती. बेल्जियममधल्या व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याने हे तपासून पाहिले. एका कुंडीत त्याने २०० पौंड कोरडी माती घातली आणि ५ पौंड वजनाचे विलो झाडाचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. शेवटी झाड भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती कमी झाली होती फक्त सुमारे दोन औंस. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापून आला. एवढे लाकूड, एवढी साल, एवढी पाने आली कोठून? त्याने निष्कर्ष काढला, पाण्यातून. तो अर्धाच बरोबर होता. उरलेले झाड हवेतून आले होते, आणि हे कळायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे लागली.

पान हे एक स्वयंपाकघर आहे असे समजा. पानाला, विशेषतः खालच्या बाजूस, अतिशय बारीक छिद्रे असतात. बोटाच्या नखाएवढ्या जागेत ती हजारोंनी भरतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवा आत शिरते. हवेत कर्बवायू असतो, तोच जो आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो. तो हवेत फार नाही, दहा हजार भागांत सुमारे चार भाग. तेवढ्यातून पान आपला वाटा वेचून घेते. मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी बारीक नळ्यांतून पानापर्यंत चढते. शिधा झाला, आता विस्तव पाहिजे. तो विस्तव पंधरा कोटी किलोमीटरांवरून येतो. सूर्यापासून निघालेला प्रकाश आठ मिनिटे आणि वीस सेकंदांनी आपल्या सोयाबीनच्या पानावर उतरतो.

पानात हरितद्रव्य असते, त्यामुळेच पान हिरवे दिसते. हे द्रव्य प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग धरून ठेवते, हिरव्याचा बराच भाग परत पाठवते. धरलेल्या प्रकाशाच्या बळाने पान पाणी फोडते. पाण्यातला प्राणवायू मोकळा होऊन त्याच छिद्रांतून बाहेर जातो, आणि तोच आपण श्वासात घेतो. हा प्राणवायू कर्बवायूतला नसून पाण्यातला असतो, हे १९४१ साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवण्यात आले. पाण्यातला उरलेला हायड्रोजन आणि हवेतला कर्बवायू यांची जुळणी होऊन शेवटी साखर बनते. हिशेब मांडायचा तर कर्बवायूचे सहा रेणू, पाण्याचे सहा रेणू आणि वरून ऊन. त्यातून साखरेचा एक रेणू आणि प्राणवायूचे सहा. ह्या जुळणीच्या पायऱ्या कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्व्हिन आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे खपून उलगडल्या आणि १९६१ साली कॅल्व्हिन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

मग ही साखर जाते कोठे? काही पानच आपल्या श्वासासाठी वापरते. काही देठातून खाली उतरून खोडाला, मुळाला, फुलाला, दाण्याला मिळते. उसात ती साखरच राहते, भातात आणि बटाट्यात तिचे पिष्ट होते, लाकडात तिचाच कठीण धागा होतो. इंदूरकर सकाळी पोहे-जिलेबी खातात. पोहे म्हणजे भाताच्या पानांनी धरलेले ऊन आणि जिलेबीचा पाक म्हणजे उसाच्या पानांनी धरलेले ऊन. गाईचे दूध गवतातून आले आणि गवत उन्हातून. ताटातला एकही घास असा नाही की जो कोणत्या तरी पानाच्या उंबरठ्यावरून आला नाही. एवढे सोने, एवढे कारखाने, एवढी विद्या असूनही माणसाला आपल्या शरीरात उन्हाची साखर करता येत नाही. ते काम देवाने पानाला दिले आहे.

हे सारे शोधून काढले कोणी? धर्म आणि विज्ञान यांचे वैर आहे असे आमच्या तरुणांना पुष्कळ वेळा ऐकवले जाते, आणि कधी कधी आपल्याच मंडळीतून ऐकवले जाते. म्हणून ही नावे शब्बाथशिक्षकांनी लक्षात ठेवावीत. झाडांना त्यांच्या पोषणाचा काही भाग पानांवाटे हवेतून मिळत असावा असे स्टीव्हन हेल्स यांनी १७२७ साली लिहिले. ते इंग्लंडात टेडिंग्टन गावच्या मंडळीचे पाळक होते. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली, त्याच हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी तेथे पुन्हा मेणबत्ती जळते, हे जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली पाहिले. ते त्या वेळी लीड्स शहरातील एका चॅपेलमध्ये उपदेश करीत. त्यांची काही मते आपल्या मंडळ्यांच्या शिकवणीशी जुळणारी नव्हती, हे खरे. पण सत्य शोधणे हे देवाची सेवा करणेच आहे असे ते मानीत. पुढे यान इंगेनहाउस नावाच्या डच वैद्याने १७७९ साली दाखवले की हे काम उन्हातच होते आणि झाडाचे हिरवे भागच ते करतात. आणि ह्या कामाला कर्बवायू लागतो हे १७८२ साली दाखवणारे जाँ सनेबिए हे जिनीव्हाचे पाळक होते. ज्या शहरात धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी उपदेश केला, तेच हे जिनीव्हा.

पाहा, एका पानाचे रहस्य उलगडताना तीन उपदेशक आढळतात. त्यांनी सकाळी शास्त्र उघडले आणि दुपारी काचेच्या भांड्यात डहाळी ठेवली. दोन्ही ठिकाणी बोलणारा एकच आहे अशी त्यांची खात्री होती.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तो टाळायचा नाही असे आम्ही ठरवले आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात उजेड पहिल्या दिवशी आहे, झाडे तिसऱ्या आणि सूर्य चवथ्या, हे खरे आहे. मुलाने शास्त्र बरोबर वाचले होते. आम्हीच ते नीट वाचले नव्हते. हा प्रश्न काही नवा नाही. सूर्य नसताना दिवस कसले, असा विचार संत ऑगस्टीन यांनी दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केला, आणि घाईने उत्तर देण्याचे टाळले. जॉन कॅल्व्हिन यांनी ह्या अध्यायावर लिहिताना असा भाव मांडला की मोशे साध्या माणसांसाठी लिहीत आहे. ज्याला ग्रहताऱ्यांचे शास्त्र शिकायचे असेल त्याने ते दुसरीकडे शिकावे. म्हणजे हा अध्याय वनस्पतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही, आणि तसे असल्याचा दावाही तो करीत नाही.

मग तो काय सांगतो? ज्या काळी आणि ज्या लोकांच्या शेजारी हा अध्याय वाचला जाई, तेथे सूर्य हा मोठा देव होता. मिसरात त्याची पूजा होती, बाबेलात होती. ह्या अध्यायात सूर्य हे नावसुद्धा घेतलेले नाही. मोठा दिवा आणि लहान दिवा अशा अर्थाचेच शब्द आहेत. दिवा हा घरमालक नसतो; घरमालक तो लावतो. झाडांच्या नंतर सूर्याचे नाव घेऊन शास्त्र आपल्याला सांगते की जीवन सूर्याचे देणे नसून सूर्य ज्याने लावला त्याचे देणे आहे. मधला चाकर कितीही तेजस्वी असला तरी तो चाकरच. विज्ञान सांगते की पान कोणत्या रीतीने उन्हाची साखर करते. उत्पत्ति सांगते की ऊन, पान आणि साखर ही कोणाची आहेत. मुलाला आम्ही एवढे सांगितले असते तर? निदान, "बाळा, प्रश्न चांगला आहे, मला आज उत्तर येत नाही, आपण दोघे मिळून शोधू," एवढे जरी म्हटले असते तर?

प्रियजनहो, पानाचे हे काम आपल्याला काय शिकवते?

पहिली गोष्ट, पान प्रकाश निर्माण करीत नाही. ते स्वतःला पसरते आणि प्रकाश घेते. पानाचे सारे कष्ट घेण्यासाठी आहेत. आपल्यापैकी कित्येक जण ख्रिस्ती जीवन म्हणजे स्वतःच प्रकाश होऊन जळत राहणे असे समजतात, आणि मग थकतात, चिडतात, दुसऱ्यांना तोलत बसतात. अनुग्रहाचा अर्थ हाच की प्रकाश आधी येतो. आपण जागे होण्यापूर्वी ऊन खिडकीत आलेले असते. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपासना ही देवाला काही देण्याची कामे नसून पान उन्हाकडे वळवण्याची कामे आहेत.

येथे एक सावधगिरीची गोष्टही आहे. उन्हाळ्याच्या दुपारी, जमिनीत ओल कमी असली की पान आपली छिद्रे मिटून घेते. पाणी उडून जाऊ नये म्हणून ते तसे करते. पण छिद्रे मिटली की कर्बवायूही आत येत नाही, आणि डोक्यावर भरपूर ऊन असून पानाचा स्वयंपाक मंदावतो. झाडाला तो काही वेळाचा बचाव असतो. ओल मिळाली की ते पुन्हा उघडते. माणसाचे मात्र कधी कधी मिटलेले ते मिटलेलेच राहते. दुखावलेले मन दार लावून घेते, आणि वर कृपेचे ऊन असताना आत उपास घडतो. अशा माणसाला, उघड उघड, म्हणून ओरडून उपयोग नाही. त्याच्या मुळाशी पाणी घालावे लागते. ज्याने दुखावले त्याने तर आधी घालावे. हे आम्ही स्वतःला सांगत आहोत.

दुसरी गोष्ट, पान आपली साखर स्वतःपाशी ठेवत नाही. दिवसभर केलेल्या साखरेचा काही भाग पान पिष्टाच्या रूपाने साठवते, आणि रात्री अंधारात त्याची पुन्हा साखर करून ती झाडाला पाठवते. मार्काच्या चवथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेला शेतकरी पेरून झोपी जातो आणि इकडे पीक वाढत असते; कसे वाढते ते त्याला ठाऊक नसते. आज आपल्याला त्यातले थोडेसे ठाऊक झाले आहे, आणि आश्चर्य कमी न होता वाढलेच आहे.

मालव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ शेते पडीक ठेवीत. १९७० नंतरच्या वर्षांत तेथे सोयाबीन पसरले, आणि १९८७ साली इंदुरास सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही निघाले. सोयाबीनचे रोप उपटून पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतील. त्यांत सूक्ष्म जीव राहतात. ते मातीखाली अंधारात असतात. त्यांना ऊन कधी दिसत नाही. पण वरच्या पानाने केलेली साखर त्यांच्यापर्यंत खाली उतरते. तिच्यावर ते जगतात आणि हवेतला नत्र धरून झाडाला देतात. त्या नत्रातून झाडाची वाढ होते, नवे पान फुटते, आणि नवे पान पुन्हा ऊन धरते. ज्यांना ऊन दिसत नाही त्यांना पान पोसते, आणि ते पानाला पोसतात. मंडळी ही अशीच असावी. कोणी वर उजेडात गातो, उपदेश करतो. कोणी खाली दिसत नाही : आजारी आजी, रात्रपाळीचा कामगार, सतरंज्या झाडणारा शिपाई, घरून प्रार्थना करणारी विधवा बहीण. वरचा खालच्याला विसरला तर काही दिवसांनी वरचेच पान पिवळे पडते.

तिसरी गोष्ट, देवाच्या हिशेबात पडलेले पानही वाया जात नाही. हे तर आम्हां इंदूरकरांना शिकवायलाच नको. १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने ह्याच शहरात, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, वनस्पतिउद्योग संस्था चालवली. शेतातला पालापाचोळा, काड्या, तण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल राखून, वेळोवेळी खालीवर करून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी तेथे बसवली. तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. ह्या रीतीवरचे पुस्तक १९३१ साली निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड साहेब हिंदी शेतकऱ्याला आपला गुरू मानीत, हेही सांगण्याजोगे आहे.

असा ढीग रचला की काही दिवसांत तो इतका तापतो की आत हात ठेववत नाही. ही ऊब कोठली? विस्तव तर कोणी लावलेला नाही. ती पानांनी मागे कधी तरी धरून ठेवलेल्या उन्हाचीच ऊब. पानात साठलेले अन्न सूक्ष्म जीव खातात आणि त्यातली शक्ती मोकळी होते. गेल्या वर्षीचे ऊन आज ढिगातून वाफेच्या रूपाने वर येते. व्हान हेल्माँटच्या कुंडीतले ते दोन औंस आठवतात? झाडाला मातीतून क्षार लागतात ते थोडेच, पण त्यांच्यावाचून चालत नाही. हरितद्रव्याच्या मध्यभागी जे मॅग्नेशियम असते तेही मातीतूनच येते. खत ते परत करते. मेलेले पान नव्या पानाची मुळे भरते. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने योहानाच्या बाराव्या अध्यायात जे सांगितले, त्याची आठवण येथे कोणाला होणार नाही?

आज आपल्या शहरात घरोघर ओला कचरा वेगळा ठेवतात. स्वच्छतेत इंदुरास २०१७ साली देशात पहिला क्रमांक मिळाला आणि त्यानंतर सलग कित्येक वर्षे तो टिकला. देवगुराडियाजवळ १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला कारखाना रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे. त्यातून वाहनांना चालवणारा वायू निघतो, खत निघते. आपल्या घरच्या मेथीचे देठ आणि वाटाण्याची सालपटे ह्यांत धरलेले ऊन शहराची बस ओढू शकते. माणसांनी टाकून दिलेल्या सालपटात एवढे बळ उरले असेल, तर आपण मनातून टाकून दिलेल्या माणसात देवाने काय ठेवले असेल? बिघडलेला मुलगा, दारूत बुडालेला भाऊ, मंडळीशी भांडून गेलेले कुटुंब, ह्यांना आपण कोणत्या डब्यात टाकले आहे?

शब्बाथशिक्षकांना दोन शब्द. मूल प्रश्न विचारते तेव्हा ते देवाचा अपमान करीत नसते. देवाने दिलेली बुद्धी देवाच्याच घरी घेऊन आलेले असते. उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर येत नाही म्हणा. मुले अज्ञान क्षमा करतात, दटावणी विसरत नाहीत. आणि हा धडा नुसता बोलून न शिकवता दाखवावा. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात हायड्रिला नावाची पाणवनस्पती थोड्या पैशांत मिळते. ताज्या डहाळ्या काचेच्या पेल्यात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. कापलेल्या टोकातून बुडबुडे निघू लागतील. पेला सावलीत न्या, ते मंदावतील. पुन्हा उन्हात आणा, पुन्हा निघतील. मुलांना बुडबुडे मोजू द्या. मग स्तोत्र १०४ वाचा. आमच्या फळ्यावरच्या सहा चौकोनांपेक्षा मुलांच्या हे जास्त ध्यानात राहील.

शेवटी त्या मुलाविषयी, ज्याला आता मूल म्हणणे बरोबर नाही. तुम्ही विचाराल, तो परत मंडळीत आला का? नाही. एकदा आम्ही बोलावले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, पाहू." आम्ही पुन्हा आग्रह केला नाही. अधूनमधून आम्ही त्याच्या गच्चीत जाऊन बसतो, चहा घेतो, आणि तो काही तरी नवे दाखवतो. मागच्या खेपेस त्याने विचारले, "तुम्ही अजून शिकवता का मुलांना?" आम्ही होय म्हणालो. तो म्हणाला, "मग एखाद्या रविवारी माझा तो हायड्रिलाचा पेला घेऊन जा." तो पेला आम्ही नेला, आणि परत करताना मुलांनी विचारलेले प्रश्न कागदावर लिहून त्याला दिले. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की स्वर्गीय पिता आपला सूर्य चांगल्यावरही उगवतो आणि वाइटावरही. उपासनामंदिराच्या अंगणातल्या कडुनिंबावर जे ऊन पडते तेच त्या गच्चीतल्या कुंड्यांवर पडते. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे ठरवण्याची आम्हांला फार घाई होती. ती घाई आता राहिलेली नाही. पेरणे आणि पाणी घालणे एवढे आपले काम. वाढ देणारा दुसरा आहे.

प्रार्थना

हे सर्व प्रकाशाच्या पित्या, आम्ही झोपेत असताना तू आमच्या पानांवर ऊन पाठवतोस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आजच्या ताटातली भाकर तुझ्या हातची आहे, ती वाटून खाण्याची बुद्धी आम्हांला दे. लहानांनी प्रश्न विचारले तेव्हा आम्ही त्यांना गप्प केले असेल तर आम्हांला क्षमा कर, आणि त्यांच्या मनांवर आम्ही ओढलेली सावली तू दूर कर. जे आमच्यापासून दूर गेले ते तुझ्यापासून दूर नाहीत, हा विश्वास आम्हांला दे. त्यांच्या दाराशी आम्हांला नम्रतेने जाऊ दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.